पंखा नाही सुटला, बोंडू फुटला

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत ‘हे जीवघेणे छंद थांबवा’ या मथळ्याचं पत्र आलं. लिहिणाऱ्यांनी पुरावा म्हणून आपलीच शिमग्यातली बातमी दिली आहे: ‘घरगुती विमानाचा पंखा निखळला, गावकरी थोडक्यात बचावले’. बातमी आली तेव्हा मी गप्प बसलो. गप्प बसणं माझ्या सोयीचं होतं, का ते पुढे येईलच. पण आता तिच्यावरून बंदीची मागणी होते आहे, आणि ते विमान बांधणाऱ्या माझ्या पुतण्याला ‘जुगाडू तरुण’ ही पदवी दुसऱ्यांदा मिळाली आहे. म्हणून हा खुलासा. लांब झाला तर काटछाट करा, पण आकडे कापू नका.

पंखा निखळला नाही. तो आजही जागेवर आहे, त्याला ओरखडासुद्धा नाही. फुटला तो स्पिनर, म्हणजे पंख्याच्या मधोमध विमानाच्या नाकावर जी निमुळती टोपी असते ती. आमच्या वाडीत तिला स्पिनर कोणी म्हणत नाही. ‘स्पिनर फुटलो’ असं मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा पोरांना वाटलं, गावच्या क्रिकेट संघातल्या फिरकीवाल्याचं डोकं फुटलं. मग कोणीतरी तिला बोंडू म्हटलं, उलट्या धरलेल्या काजूच्या बोंडासारखी दिसते म्हणून, आणि तेच नाव पडलं. मीही या पत्रात अधूनमधून बोंडूच म्हणणार आहे.

‘गावकरी थोडक्यात बचावले’ हेही खरं नाही. इंजिन आम्ही सड्यावर, म्हणजे कातळाच्या मोकळ्या माळावर, चालवतो, घरापासून लांब. चाकांखाली चिरे लावलेले, शेपटी आंब्याच्या पिकअपला बांधलेली, आणि सगळ्या बाजूंनी ३० मीटरवर जाळ्याची दोरी. पंखा ज्या पातळीत फिरतो त्या पातळीत, डाव्या किंवा उजव्या अंगाला, दोरीच्या बाहेरही कोणी उभं राहायचं नाही हा माझा नियम आहे. कारण काही सुटलंच तर ते त्याच पातळीत भिरकावलं जातं. त्या दिवशी तळहाताएवढा पत्र्याचा तुकडा सुटला आणि चाळीसेक पावलांवर करवंदीच्या जाळीत जाऊन अडकला. त्या बाजूला माणूस नव्हता, गुरंढोरं नव्हती. पुतण्याने आवाज बदललेला ऐकला आणि दोन सेकंदांत इंजिन बंद केलं. बचावण्यासारखं तिथे कोणी नव्हतंच.

विमान उडत नव्हतं, हेही लिहून ठेवतो. ते अजून जमिनीपासून वीतभरसुद्धा उचललेलं नाही. उडवायला परवानगी लागते, तिची कागदपत्रं चालू आहेत, आणि ती हातात पडेपर्यंत फक्त जमिनीवर इंजिन चालवून बघायचं असं ठरलेलं आहे. स्वतःच्या हाताने विमान बांधणं हा गुन्हाही नाही आणि वेडही नाही. कांदिवलीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधलं, ते २०१६ साली मुंबईत ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिलं, आणि २०१७ मध्ये डीजीसीएने, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, त्याची नोंदणी केली. तेव्हा सगळ्या मराठी वर्तमानपत्रांनी त्यांचं कौतुक केलं होतं. वेंगुर्ले तालुक्यातल्या पोराने तेच छोट्या आकारात केलं की ते जुगाड?

आता माझ्याबद्दल. मी नौदलाच्या हवाई शाखेत फिटर होतो. २२ वर्षं नोकरी झाली, त्यातली बरीच कोचीला आयएनएस गरुडावर, दोन पंख्यांच्या आयलँडर विमानांवर. पुतण्या डिप्लोमा झालेला, मच्छीमारांची आउटबोर्ड इंजिनं दुरुस्त करतो. सहा वर्षं झाली, आमच्या आंब्याच्या खोक्यांच्या शेडमध्ये तो हे दोन आसनी विमान बांधतो आहे. इंजिन रोटॅक्स ९१२, ८० अश्वशक्तीचं. पंखा लाकडी, दोन पात्यांचा. सांगाडा, काही भाग आणि तो ॲल्युमिनियमचा बोंडू त्याने अशा एका माणसाकडून घेतला ज्याने अर्ध्यात नाद सोडला होता.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्या बोंडूवर मला एक तडा दिसला. एका स्क्रूच्या भोकापासून निघालेला, नखाएवढा. पुतण्या म्हणाला, ‘‘काकानू, आधी ह्या डोलता किती ता मोजूया. तडो कशान पडलो ता कळाक होया.’’ मी म्हणालो, ‘‘माका शिकव नको.’’

हीच ती गप्प बसण्याची सोय. बातमीत दोष पुतण्याच्या डोक्यावर गेला, आणि मी तो जाऊ दिला.

मी काय केलं ते सांगतो. तड्याच्या टोकाला अडीच मिलिमीटरचं भोक पाडलं. हे काम विमानाचे सगळे फिटर जाणतात. तड्याचं टोक सुईसारखं असतं, सगळा ताण तिथे एकवटतो आणि तडा पुढे सरकतो. गोल भोक पाडलं की ते टोक बोथट होतं आणि तडा काही काळ थांबतो. काही काळच. तडा ज्या कारणाने पडला ते कारण भोकाने जात नाही. नौदलात असा बोंडू मी काढून नवा लावला असता, त्यावर सही करून घेतली असती. इथे नव्याला पैसे लागणार होते, आणि माझ्या अंगात बावीस वर्षं होती. मी आतून पत्र्याचं ठिगळ रिव्हेट केलं, वरून गाडीच्या पत्र्याला भरतात ती लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासून रंग दिला. दिसायला झकास झालं.

ते ठिगळ आणि लांबी फुटल्यानंतर मी सोनाराच्या काट्यावर तोलली. भरली १४ ग्रॅम. कोणी म्हणेल, १४ ग्रॅमने काय होतंय? इंजिन ५००० फेऱ्यांवर असताना गिअरबॉक्समधून पंखा मिनिटाला साधारण २२०० वेळा फिरतो. केंद्रापासून ११ सेंटीमीटरवर बसलेल्या वस्तूला त्या वेगात स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ६०० पट जोराने बाहेर ओढ बसते. म्हणजे माझं १४ ग्रॅमचं ठिगळ बोंडूला एका अंगाने आठ किलोच्या वर ओढत होतं, आणि ती ओढ सेकंदाला ३६ वेळा दिशा बदलत होती. पुतण्याने हा हिशेब त्याच संध्याकाळी वहीत मांडला. माझ्यासमोर ठेवला नाही. वही उघडी ठेवून चहा आणायला गेला. बोंडूच्या कडेचा वेग त्याने काढला होता ताशी सुमारे ९५ किलोमीटर. तुकडा सुटला तो त्याच वेगाने. फिरकी गोलंदाजाच्या जोरकस चेंडूएवढा म्हणा, म्हणजे पोरांचं पहिलं ऐकणं अगदीच चुकीचं नव्हतं.

पण ठिगळ ही दुसरी चूक. पहिली चूक पंखा उतरवला तेव्हा दिसली.

बोंडू दोन ठिकाणी टेकलेला असतो. मागे एक गोल प्लेट असते, ती पंखा आणि इंजिनाची फ्लँज (पंखा ज्या चकतीला बोल्टने जोडतात ती) यांच्या मधे चेपून बसते, आणि बोंडूची कड तिला स्क्रूंनी जोडलेली असते. पुढे, पंख्याच्या तोंडावर, दुसरी लहान प्लेट. तिच्यावर बोंडूचं आतलं अंग टेकतं. आम्ही सहा बोल्ट काढून पंखा खाली घेतला आणि मागच्या प्लेटवर बघतो तर प्रत्येक बोल्टच्या भोकाभोवती काळी भुकटी, तव्याच्या बुडाला असते तशी. फिटर माणसाला ही भुकटी बघितली की पोटात गोळा येतो. ॲल्युमिनियमचे दोन भाग घट्ट चेपलेले नसतील आणि एकमेकांवर कणभर सरकत असतील, तर घासून घासून ही काळी पूड निघते. म्हणजे प्लेट हलत होती. प्लेट हलत होती म्हणजे बोल्ट सैल होते. काढताना पाना लावला तेव्हाच ते फारच सहज सुटले होते. मी ते बोललो नाही.

बोल्ट सैल का झाले, हे कोकणातल्या कोणालाही सांगायला नको. पावसाळ्यात दार फुगतं, लागत नाही, खालून रंधा मारावा लागतो. तेच दार होळीला फटीतून उजेड दाखवतं. पंखा लाकडाचा. मी बोल्ट आवळले ते गणपतीच्या आधी, भर श्रावणात, लाकूड पाणी पिऊन टरारलेलं असताना. आवळले बरोबर, किती जोर लागला ते दाखवणाऱ्या टॉर्क पान्याने, पंखा बनवणाऱ्याने कागदावर दिलेल्या आकड्याला. पण माघ-फाल्गुनात लाकूड सुकलं, आक्रसलं, आणि चेप गेली. बोल्ट जागच्या जागीच होते, लाकूड त्यांच्यापासून मागे हटलं होतं. लाकडी पंख्याचे बोल्ट हवा बदलली की पुन्हा तपासायचे असतात, हे त्या कागदावर छापलेलं होतं. मी तो कागद ऑगस्टमध्ये आकड्यापुरता वाचला आणि फायलीत ठेवला. आयलँडरचे पंखे धातूचे. माझ्या हातांना ही सवयच नव्हती, आणि नाही हे मी कबूल करत नव्हतो.

तिसरी गोष्ट, पुढची लहान प्लेट. ती जागेवर होती, पण बोंडू तिला टेकतच नव्हता. मधे दोन मिलिमीटर हवा. म्हणजे अख्खा बोंडू मागच्या कडेवर, आठ स्क्रूंवर लटकलेला, आणि ते स्क्रू मी वॉशर न घालता कचकचून आवळलेले. सैल प्लेट, लटकता बोंडू, चेपलेली भोकं आणि एका अंगाला आठ किलो. मार्चपर्यंत तो टिकला हेच नवल.

पुढे काय केलं ते जरा तपशिलाने लिहितो, कारण ‘जुगाड’ या शब्दाला माझ्याजवळ तेवढंच उत्तर आहे.

आधी मोजणं. जे पुतण्या नोव्हेंबरात म्हणत होता. इग्निशन बंद, चावी माझ्या खिशात, वरचे चारही प्लग काढलेले. तरीही पंख्याला हात लावताना तो कधीही चालू होईल असंच समजून उभं राहायचं, कारण स्विचपासून जाणारी अर्थिंगची एक तार तुटलेली असली तर ‘बंद’ हे फक्त स्विचवर लिहिलेलं असतं. रोटॅक्स उलटा फिरवायचा नसतो, म्हणून फिरवायचं एकाच दिशेने. प्लेटच्या कडेला वर्कशॉपचं डायल गेज, म्हणजे बारीक फरक काट्याने दाखवणारं माप, लावलं. फरक आला ०.३ मिलिमीटर, म्हणजे प्लेट सरळ. मग जुन्या फुटक्या बोंडूचा उरलेला भाग चढवला, त्याच्या टोकासमोर लाकडी घोडीवर एक खिळा ठोकला, आणि पंखा हळूहळू फिरवला. टोक खिळ्यापासून ४ मिलिमीटर इकडे-तिकडे होत होतं. दीड मिलिमीटरच्या आत असेल तर मी चालवून घेतो. चार म्हणजे डोळ्यांना दिसणारं डोलणं. भोकं मूळचीच वाकडी पाडलेली होती, बोंडू मध्यावर न धरता.

नवा बोंडू फायबरचा करायचा ठरला. ॲल्युमिनियमची अशी टोपी साच्यावर फिरवून दाबून काढतात, ते यंत्र आमच्याकडे नाही. पण लाकूड फिरवणारे आहेत! सावंतवाडीला लाकडी खेळण्यांच्या एका कारागिराकडे गेलो. २२९ मिलिमीटर व्यास, ३० सेंटीमीटर उंची, कागदावर काढलेला बाक. तो म्हणाला, ‘‘एवढो मोठो भवरो कोणाक?’’ विमानासाठी आहे म्हटल्यावर त्याने पैसे वाढवले नाहीत, वेळ मात्र दुप्पट घेतला. आंब्याच्या फळ्या एकमेकांना चिकटवून त्याने ठोकळा केला आणि लेथवर असा सुरेख उतरवला की साचा काढून झाल्यावर तो मूळ भवरा माझ्या वहिनीने टीव्हीशेजारी मांडून ठेवला आहे.

फायबरच्या कामाला मालवणचा एक होड्या करणारा मिळाला. त्याच्याशी दोन दिवस वाद. होडीला फायबरची मॅट वापरतात, म्हणजे तुकड्या तुकड्यांचा गालिचा, आणि त्याच्यावर पॉलिस्टर रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट रस. स्वस्त पडतं, होडीला वजनाचं ओझं नसतं. मला हवं होतं फायबरचं विणलेलं कापड आणि इपॉक्सी ही दुसऱ्या जातीची रेझिन. त्याचं म्हणणं, मॅटवरच इपॉक्सी लावू. तसं होत नाही. मॅटमधले तुकडे धरून ठेवणारा गोंद पॉलिस्टरमध्ये विरघळावा असा केलेला असतो, इपॉक्सीत तो नीट विरघळत नाही आणि मॅट कडक राहते, बाकात बसत नाही. शेवटी त्याने एक लहान तुकडा करून बघितला, बोटाने टोचला, आणि म्हणाला, ‘‘बरां, तुमचा खरां.’’ हा माणूस मला फार आवडला. मी नोव्हेंबरात पुतण्याला हे तीन शब्द म्हणू शकलो असतो.

तोवर जून आला. पावसात इपॉक्सीचं काम करू नये, निदान आमच्या शेडमध्ये तरी नाही. दमट हवेत वाळताना वर मेणचट थर येतो, त्याच्यावर पुढचा थर धरत नाही, आणि वरवर वाळलेलं दिसलं तरी सुटून येतं. म्हणून पाच महिने थांबलो. या पाच महिन्यांत आपल्या बातमीचं कात्रण गावात फिरलं आणि पुतण्याच्या लग्नाची एक बोलणी मोडली, पण तो वेगळा विषय. दसऱ्यानंतर, आंबे पिकवतो ती बंद खोली बल्ब लावून कोरडी केली आणि तिथे काम केलं. कापडाचे सहा थर, एक सोडून एक तिरके. प्रत्येक थर लावण्याआधी पाण्याने पुसून घासलेला. निघालेला बोंडू भरला ३८० ग्रॅम.

बसवणं हे खरं काम. आधी पुढची प्लेट. तिच्याखाली पातळ चकत्या एकेक घालत गेलो. बोंडू नुसता हाताने ठेवला की मागच्या प्लेटपासून अडीच मिलिमीटर दूर राहावा, आणि स्क्रूंनी ओढल्यावर जागेवर यावा. म्हणजे तो पुढच्या प्लेटवर कायम दाबलेला राहतो आणि लटकत नाही. पुढच्या प्लेटच्या कडेला गुळगुळीत प्लास्टिकची पट्टी चिकटवली, नाहीतर ॲल्युमिनियमची धार फायबर कातरत बसते.

मग भोकं. इथे पुतण्याची युक्ती, माझी नव्हे. फायबर रंगवलेलं नसेल तर त्यातून उजेड दिसतो. त्याने आतल्या बाजूला मोबाइलची बॅटरी लावली, शेडचे दिवे घालवले, आणि मागच्या प्लेटमधली नटप्लेटची (प्लेटलाच पक्क्या बसवलेल्या नटांची) आठही भोकं बोंडूवर चंद्रासारखी उगवली. पेन्सिलने खुणा केल्या. पण लगेच पाडली नाहीत. टोक पुन्हा खिळ्यासमोर आणलं, पंखा फिरवत बोंडूला तळहाताने चापट्या मारत टोक स्थिर केलं, चिकटपट्टीने धरलं, एक भोक पाडलं, त्यात क्लिको (तात्पुरता धरून ठेवणारा चाप) घातला. पुन्हा फिरवून बघितलं. मग समोरचं भोक. पुन्हा फिरवलं. आठ भोकांना अख्खी दुपार गेली. शेवटी टोकाचा फरक राहिला पाऊण मिलिमीटर.

पाती बाहेर येतात त्या खाचा जुन्या बोंडूला अगदी तंतोतंत कापलेल्या होत्या, पात्यापासून एक मिलिमीटर. दिसायला सुबक. पण पातं चालताना वाकतं, पिळतं, आणि मग खाचेच्या कडेला टेकतं. आता चारी बाजूंनी ५ मिलिमीटर जागा सोडली आहे आणि खाचेचा प्रत्येक कोपरा गोल केला आहे. चौकोनी कोपऱ्यातून तडा निघतो हे विमानविद्येने फार महाग शिकलेलं आहे. १९५४ साली ब्रिटिशांची दोन कॉमेट जेट विमानं आकाशात फुटली, आणि चौकशीत निघालं की कातळात पाझर शिरावा तसे तडे धडातल्या उघड्या जागांच्या कोपऱ्यांपासून पसरले होते. आज विमानाची खिडकी कधी टोकदार कोपऱ्याची दिसते का बघा. आमच्या बोंडूला काही प्रवासी बसायचे नाहीत, पण तडा तो तडाच.

स्क्रूखाली आता नायलॉनचे वॉशर आहेत, आणि आवळायचं ते हाताच्या जोराने, हेका धरून नाही. खाऱ्या वाऱ्याचंही बघावं लागतं. स्टेनलेसचे स्क्रू ॲल्युमिनियमच्या प्लेटला नुसते लावले की वर्षभरात भोकाभोवती पांढरी भुकटी येते. आमच्या समुद्रकाठच्या खिडक्यांना येते तीच. म्हणून प्रत्येक स्क्रूला ग्रीसचं बोट. बोंडू आणि प्लेट यांवर एकासमोर एक लाल रंगाचे दोन ठिपके दिले आहेत, काढून परत लावताना तसाच बसावा म्हणून. उलटा बसवला तर तोल बदलतो. वहिनी त्याला टिळा म्हणते.

मधल्या काळात बोंडूशिवाय इंजिन चालवलं का, असं आपल्या पत्रलेखकांनी उपरोधाने विचारलं आहे. हो, चालवलं, आणि त्यात काही वावगं नाही. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानालाही बोंडू नव्हता. तो हवा नीट वळवतो, इंजिन थंड ठेवणाऱ्या झरोक्यांकडे ती जाऊ देतो, पण त्याच्यावाचून इंजिन अडत नाही. फक्त एक जपावं लागतं: मागची प्लेट काढली तर तिच्या जाडीएवढा वॉशर बोल्टखाली घालावा लागतो. नाहीतर बोल्ट तळाला टेकतो, पाना ‘घट्ट’ सांगतो आणि पंखा सैलच राहतो. हे मात्र मी न विसरता केलं. आणि लिहिताना बरं वाटत नाही, पण बोंडू नसताना विमान आधीपेक्षा कमी थरथरत होतं.

नव्या बोंडूने कार्तिकात तीन वेळा, प्रत्येकी दहा मिनिटं इंजिन चाललं. दर वेळी उतरवून भिंगाने बघितला. तडा नाही, भुकटी नाही. पंख्याचे बोल्ट पावसानंतर पुन्हा तपासले तेव्हा सहाही पाव-पाव फेरा फिरले. आता शेडच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलं आहे, त्यात दर दोन महिन्यांनी एका तारखेभोवती लाल गोल आहे. मार्चमधला गोल पुतण्याने जरा मोठाच काढला आहे.

पत्रलेखकांना आणि आपल्या बातमीदारांना आग्रहाचं आमंत्रण. रविवारी सकाळी, वारा पडलेला असतो तेव्हा, सड्यावर या. इंजिन चालताना बघा, काळी भुकटी लागलेली जुनी प्लेट बघा, करवंदीत सापडलेला तुकडाही आहे. दोरीच्या बाहेर, शेपटीच्या बाजूला उभं राहावं लागेल. बातमी छापायची झाली तर त्यात एवढीच दुरुस्ती करा, की ठिगळ काकाने लावलं होतं, आणि मोजूया असं पुतण्या म्हणाला होता. त्याच्या सासरच्या होऊ घातलेल्या मंडळींकडे आपलंच दैनिक येतं.

माझं नाव छापू नये. वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि बाहेर कळून उपयोग नाही.

आपला,
एक निवृत्त नौदल फिटर
ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग